व्हिडिओ गेमचा सुरुवातीचा धंदा : पडून राहिलेला माल कोणाच्या अंगावर?

नदीकाठ

१९८३ साली अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा बसला, त्याविषयी मराठीत जे वाचायला मिळते त्यात बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. अटारी कंपनीने 'ई.टी.' नावाचा एक वाईट गेम काढला, तो कोणी घेतला नाही आणि उरलेल्या कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायच्या गेमच्या डब्या, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुराव्या लागल्या, ही ती गोष्ट. ती चटकदार आहे, परंतु एका वाईट गेममुळे अब्जावधी डॉलरची बाजारपेठ बसत नाही. गेली काही वर्षे या काळातील व्यवहारांविषयी मिळेल ते मी वाचत आलो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की गेम कसे होते हे विचारण्याआधी, न विकलेला माल शेवटी कोणाच्या अंगावर पडत होता हे विचारायला हवे. हा धागा त्यासाठी काढतो आहे.

सुरुवात नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांपासून करावी लागते. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी प्रत्येकी २५० डॉलर घालून जून १९७२ मध्ये अटारी कंपनी नोंदवली, आणि त्याच वर्षी अॅल अॅल्कॉर्न यांनी बनवलेले 'पाँग'चे पहिले यंत्र कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे अँडी कॅप्स टॅव्हर्न या बारमध्ये ठेवले. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहिले तर नाण्यांचा डबा इतका भरला होता की पुढचे नाणे आत जाईना. हा किस्सा पुष्कळांना ठाऊक असतो, त्यामागचा व्यवहार मात्र क्वचित सांगितला जातो. निर्माता यंत्र वितरकाला विकत असे, वितरक ते ऑपरेटरला विकत असे, आणि ऑपरेटर ते एखाद्या बारमध्ये किंवा पिझ्झाच्या दुकानात ठेवून ठरलेल्या दिवशी गल्ला उघडत असे व जमलेली नाणी जागामालकाबरोबर साधारण निम्मी-निम्मी वाटून घेत असे. यंत्र चालले नाही तर ऑपरेटर ते उचलून दुसऱ्या जागी नेई. निर्मात्यापुरते बोलायचे तर यंत्र विकले की त्याची जोखीम संपली.

ही साखळी पिनबॉल आणि ज्यूकबॉक्सच्या धंद्यातून जशीच्या तशी आली होती, आणि तिच्या सवयीही तशाच आल्या. प्रत्येक शहरात दोन-तीन मोठे वितरक असत, आणि एका कंपनीचा माल आपल्याकडेच यावा, शेजारच्याकडे जाऊ नये, असा प्रत्येकाचा आग्रह असे. म्हणजे एका शहरातील एकच वितरक अटारीचा माल घेणार आणि बाकीच्यांची दारे बंद राहणार. यावर बुशनेल यांनी १९७३ साली काढलेला तोडगा मला या सबंध इतिहासातील सर्वांत धूर्त वाटतो. त्यांनी आपले शेजारी जो कीनन यांना पुढे करून 'की गेम्स' नावाची प्रतिस्पर्धी कंपनी उभी केली. प्रत्यक्षात ती अटारीचीच होती, परंतु वितरकांना ते ठाऊक नव्हते. त्यामुळे जो वितरक अटारीचा माल मिळत नाही म्हणून हिरमुसला होता, तो आनंदाने 'की'चा माल घेऊ लागला. १९७४ मध्ये 'की'चा 'टँक' इतका चालला की अडचणीत आलेल्या अटारीला त्याने सावरले, दोन्ही कंपन्या उघडपणे एक झाल्या आणि कीनन अटारीचे अध्यक्ष झाले.

घरगुती यंत्रांचा व्यवहार अगदी वेगळा निघाला. हा माल वर्षभर विकला जात नाही, मुख्यतः नाताळच्या आधी विकला जातो. किती नग बनवायचे हे काही महिने आधी ठरवावे लागते, चिपची मागणी त्याहून आधी नोंदवावी लागते, आणि पैसे मात्र हंगाम संपल्यावर हातात येतात. १९७५ च्या नाताळात ही जोखीम सीअर्स या अमेरिकेतील मोठ्या दुकानसाखळीने अटारीबरोबर वाटून घेतली : घरगुती 'पाँग'च्या दीड लाख नगांची मागणी नोंदवली, ते बनवण्यासाठी भांडवल उभे करायला मदत केली आणि स्वतःच्या टेली-गेम्स या नावाखाली ते विकले. पुढच्याच वर्षी जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीने 'पाँग'सारखे अनेक खेळ एकाच चिपवर बसवले आणि ती चिप कोणालाही विकली. मूळची चामड्याचा व्यापार करणारी कोलेको त्या चिपवर 'टेलस्टार' बनवून पुढे आली. १९७७ पर्यंत तशा यंत्रांचा इतका सुकाळ झाला की दुकानदारांनी ती मिळेल त्या भावाला काढून टाकली. १९८३ मध्ये जे घडले त्याची ही लहान प्रमाणावरील तालीम होती, आणि तिच्याकडे कोणी पुरेसे लक्ष दिले नाही.

वॉर्नर कम्युनिकेशन्स या मनोरंजन कंपनीने १९७६ साली २ कोटी ८० लाख डॉलरना अटारी विकत घेतली आणि सप्टेंबर १९७७ मध्ये कार्ट्रिज बदलता येणारे यंत्र बाजारात आले, तेच पुढे २६०० या नावाने ओळखले गेले. येथून धंद्याचा पाया बदलला. यंत्र थोड्या नफ्यावर विकायचे आणि खरी कमाई कार्ट्रिजवर करायची, अशी ही रीत. मात्र कार्ट्रिज म्हणजे आत बसवलेली एक चिप, आणि त्या चिपमधील मजकूर ती कारखान्यात घडतानाच कायमचा कोरला जातो. मागणी नोंदवल्यापासून चिप हातात येईपर्यंत कित्येक आठवडे जातात, आणि अंदाज चुकला तर त्या चिपचा दुसरा कसलाही उपयोग होत नाही. कागद रद्दीत जातो, कापड चिंधीच्या भावाने तरी जाते; न विकलेल्या कार्ट्रिजला तोही भाव नाही. 'ई.टी.' या चित्रपटावरून गेम काढण्याचे हक्क वॉर्नरने जुलै १९८२ च्या अखेरीस मिळवले. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना तो गेम जेमतेम पाच आठवड्यांत लिहावा लागला, तो याच कारणाने : १ सप्टेंबरला मजकूर चिपच्या कारखान्यात गेला नसता तर नाताळच्या आधी माल दुकानात पोहोचला नसता.

माझे म्हणणे थोडक्यात असे की १९७२ ते १९८३ या काळात जोखीम साखळीतील एकाकडून दुसऱ्याकडे सरकत गेली आणि शेवटी ती कोणाची हेच कोणाला ठाऊक राहिले नाही. या विषयाशी व्यवसायाने जवळीक असलेल्यांची मते वाचायला आवडतील.

कलमवही

धागा आवडला. व्यवसायाने मी वकील आहे, त्यामुळे आपण सोडून दिलेला एक पदर जोडते. या धंद्यातील पहिली मोठी देणी मालाची नव्हती, पेटंटची होती.

राल्फ बेअर हे न्यू हॅम्पशायरमधील सँडर्स असोसिएट्स या संरक्षणसामग्री बनवणाऱ्या कंपनीत अभियंता होते. टीव्हीवर खेळ खेळण्याची त्यांची कल्पना सँडर्सने पेटंट करून मॅग्नावॉक्सला परवान्यावर दिली, आणि १९७२ साली मॅग्नावॉक्सचे 'ओडिसी' हे यंत्र आले. त्यात टेबल टेनिसचा खेळ होता. २४ मे १९७२ रोजी कॅलिफोर्नियातील बर्लिंगेम येथे 'ओडिसी'चे प्रात्यक्षिक झाले, तेथे बुशनेल हजर होते आणि त्यांनी पाहुण्यांच्या वहीत सही केली होती. 'पाँग' त्यानंतर बनले. १९७४ मध्ये मॅग्नावॉक्सने दावा लावला तेव्हा ती सही किती जड गेली असेल हे सांगायला नको. १९७६ साली अटारीने खटला चालवण्याऐवजी तडजोड केली आणि १५ लाख डॉलर हप्त्यांनी देऊन परवाना घेतला.

लोक याला अटारीची हार म्हणतात. मला ती उत्तम तडजोड वाटते. अटारीची रक्कम एकदा ठरून गेली, तर नंतर आलेल्या प्रतिस्पर्ध्यांना विक्रीच्या प्रमाणात रॉयल्टी द्यावी लागली. पुढील वर्षांत सँडर्स आणि मॅग्नावॉक्स यांनी या पेटंटवर दावे आणि तडजोडी मिळून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळवली. 'ओडिसी' यंत्र स्वतः सुमारे साडेतीन लाखच विकले गेले. यंत्रापेक्षा त्यामागचा कागद अधिक कमावून गेला, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

पेठेतला

माझा व्हिडिओ गेमशी संबंध नाही. इचलकरंजीत कापडाच्या घाऊक व्यापारात तीस वर्षे गेली, म्हणून लिहितो. नदीकाठ यांचा प्रश्न वाचून पहिला विचार मनात आला तो असा : माल पक्का विकला जात होता की जांगड दिला जात होता?

नव्या वाचकांसाठी सांगतो. जांगड म्हणजे माल दुकानदाराकडे ठेवायचा, विकला गेला तर त्याने पैसे द्यायचे आणि नाही गेला तर माल परत करायचा. पक्क्या विक्रीत दुकानदार जपून मागतो. जांगड मालात तो वाटेल तेवढा मागतो, कारण त्याच्या खिशाला काही लागत नाही. खरा घोटाळा होतो तो या दोहोंच्या मध्ये, म्हणजे हिशेबात विक्री पक्की लिहिलेली असते, परंतु नेहमीचे गिऱ्हाईक दुखवायला नको म्हणून माल परत घेण्याची रीत पडलेली असते. अशा वेळी गिरणीच्या वहीत नफा दिसतो आणि माल मात्र दुकानदाराच्या माळ्यावर पडलेला असतो. आमच्याकडे एका हंगामात असेच झाले होते. त्या गिरणीचे नाव घेत नाही, पण दिवाळीत विकलेले म्हणून नोंदलेले तागे मार्चमध्ये परत आले, आणि तोवर त्या विक्रीच्या जोरावर पुढचे सूत उधारीवर उचललेले होते.

दुसरे असे की मालाचा तुटवडा असला की दुकानदार मुद्दाम फुगवून मागणी नोंदवतो. शंभर हवे असले तर दोनशे मागतो, कारण निम्मेच मिळणार हे तो अनुभवाने जाणतो. त्या मागणीवर विश्वास ठेवून ज्या वर्षी गिरणी खरोखरच दोनशे पाठवते, त्या वर्षी सगळे बुडतात. अटारीच्या बाबतीत असे काही झाले होते काय?

नदीकाठ

पेठेतला, आपण नेमक्या ठिकाणी बोट ठेवलेत. अगदी हेच झाले होते.

१९८० साली अटारीने तैतो कंपनीकडून 'स्पेस इन्व्हेडर्स'चा परवाना घेऊन त्याची घरगुती आवृत्ती काढली. केवळ त्या एका गेमसाठी लोक यंत्र विकत घेऊ लागले, आणि त्यानंतर दोन वर्षे मागणीच्या मानाने माल कमीच पडला. वितरकांना मागितलेल्याचा काही हिस्साच मिळे, म्हणून ते वाढवून मागू लागले. ऑक्टोबर १९८१ मध्ये अटारीने वितरकांना सांगितले की संपूर्ण १९८२ सालची मागणी आताच नोंदवा. नेहमीप्रमाणे कपात होणार असे धरून वितरकांनी भरमसाट आकडे दिले, आणि अटारीने त्यानुसार कारखाने चालवले. १९८२ च्या उत्तरार्धात प्रतिस्पर्धी वाढले व माल मुबलक झाला, तेव्हा वितरकांनी त्याच मागण्या रद्द करायला सुरुवात केली.

त्या वेळेपर्यंत वॉर्नरच्या एकूण नफ्यातील निम्म्याहून अधिक वाटा अटारीचा होता. ७ डिसेंबर १९८२ रोजी वॉर्नरने जाहीर केले की अटारीची वाढ अपेक्षेप्रमाणे ५० टक्के होणार नसून १० ते १५ टक्केच होईल. लक्षात घ्या, ही तोट्याची बातमी नव्हती, कमी वाढीची होती. तरीही दुसऱ्या दिवशी वॉर्नरचा शेअर सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. अटारीचे प्रमुख रे कसार यांनी घोषणेच्या आधी अर्ध्या तासाच्या आत आपले ५,००० शेअर विकले होते. त्यावरून शेअर बाजाराच्या नियामकांनी कारवाई केली, आणि गुन्हा मान्य न करता नफा परत करून त्यांनी ती मिटवली. पेठेतला यांना कदाचित हे वाचून विशेष वाटेल की कसार हे मूळचे कापडधंद्यातील होते. बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या मोठ्या कंपनीत त्यांची कारकीर्द घडली होती.

१९८३ या एका वर्षात अटारीने ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा दाखवला. जुलै १९८४ मध्ये वॉर्नरने घरगुती विभाग कमोडोर या संगणक कंपनीचे संस्थापक जॅक ट्रॅमियल यांना विकला, आणि त्या व्यवहारात रोख रकमेऐवजी मुख्यतः पुढे फेडायच्या रोख्यांवर समाधान मानले.

अर्धविराम

मी गेली अठरा वर्षे सॉफ्टवेअर लिहिते, आणि या चर्चेत गेम लिहिणारी माणसे जवळजवळ अदृश्य झाली आहेत याचे मला वाईट वाटते. माल कोणाच्या अंगावर पडला हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, परंतु त्याआधीचा प्रश्न असा की मालाची किंमत ज्यांच्यामुळे होती त्यांना काय मिळाले.

अटारीच्या यंत्रात १२८ बाइट इतकीच कामाची स्मृती होती. चित्र ठेवायला जागाच नव्हती. पडद्यावरील प्रत्येक ओळ टीव्ही रेखाटत असताना त्या क्षणी प्रोसेसरला काय दाखवायचे ते सांगावे लागे. हे साधणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. १९७९ साली अटारीच्या विक्री विभागाने कोणती कार्ट्रिज किती खपली याचा तक्ता लेखकांमध्ये वाटला. हेतू असा की कोणत्या प्रकारचे गेम लिहावेत हे कळावे. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी त्या तक्त्यावर बेरीज केली, तेव्हा त्यांना कळले की सुमारे १० कोटी डॉलरच्या विक्रीपैकी ६ कोटींची विक्री त्यांच्या गेमची आहे. त्यांचे पगार वर्षाला वीस-तीस हजार डॉलरच्या घरात होते, आणि खोक्यावर कोणाचेही नाव छापले जात नसे. याच अनामिकतेमुळे वॉरेन रॉबिनेट यांनी 'अॅडव्हेंचर' या गेममध्ये आपले नाव एका गुप्त खोलीत लपवले होते.

हे चौघे कसार यांच्याकडे गेले आणि त्यांनी नावाची व वाट्याची मागणी केली. ती नाकारली गेली. त्यांनी संगीत उद्योगातून आलेल्या जिम लेव्ही यांच्याबरोबर ऑक्टोबर १९७९ मध्ये अॅक्टिव्हिजन स्थापन केली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे गेम लिहून विकणारी ती पहिली कंपनी. खोक्यावर लेखकाचे नाव आले, आतील पुस्तिकेत त्याचे छायाचित्र आले. अटारीने दावा लावला, परंतु यंत्रात इतरांच्या कार्ट्रिज रोखणारे काही नव्हते, आणि १९८२ मध्ये अॅक्टिव्हिजनने रॉयल्टी द्यावी व गेम काढत राहावे अशी तडजोड झाली. क्रेन यांचा 'पिटफॉल' ४० लाखांहून अधिक विकला गेला. ज्या माणसांना थोडा वाटा देऊन ठेवता आले असते, त्यांना गमावून अटारीने स्वतःचा सर्वांत समर्थ स्पर्धक तयार केला, आणि दर्जाची घसरण त्यानंतरची आहे. १९८२ चा घरगुती 'पॅक-मॅन' ७० लाखांहून अधिक विकला गेला, तरी ज्यांनी नाण्यांवर चालणाऱ्या मूळ यंत्रावर तो खेळला होता त्यांची फसगत झाल्याची भावना झाली. गिऱ्हाइकाचा विश्वास हीसुद्धा एक मालमत्ता असते, आणि नदीकाठ यांच्या मांडणीत ती कोणाच्याच वहीत दिसत नाही.

नदीकाठ

अर्धविराम, हे मला मान्य आहे, आणि माझ्या मांडणीत ही उणीव होती. मात्र आपण सांगितलेली घटनाच माझ्या प्रश्नाकडे परत नेते, ती अशी.

अॅक्टिव्हिजनने मार्ग दाखवल्यावर, आणि न्यायालयाबाहेर तो मार्ग मोकळा झाल्यावर, ज्यांचा या कलेशी संबंध नव्हता तेही त्यात उतरले. ओट विकणाऱ्या क्वेकर कंपनीने यू.एस. गेम्स विकत घेतली. कुत्र्यांचे खाद्य बनवणाऱ्या प्युरिनाने आपल्या जाहिरातीचा गेम काढला. खुद्द अटारीतून बाहेर पडलेल्यांनी इमॅजिक काढली, जिचे गेम खरोखर चांगले होते. परंतु तिची शेअरविक्री डिसेंबर १९८२ मधील वॉर्नरच्या घोषणेनंतर मागे घ्यावी लागली. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. अटारीकडे माल परत पाठवला तर तो परत घ्यायला निदान अटारी जागेवर होती. या नव्या कंपन्यांकडे परत घ्यायला पैसेच नव्हते. कित्येक तर बंदच झाल्या. त्यांचा माल दुकानदाराच्या अंगावर पडला, आणि दुकानदाराने तो ३५ डॉलरवरून ५ डॉलरवर आणून टोपलीत टाकला. ५ डॉलरच्या टोपलीशेजारी अॅक्टिव्हिजनचा नवा, मेहनतीने बनवलेला गेम पूर्ण किमतीला कोण घेणार? म्हणजे चांगल्या लेखकाचे नुकसान वाईट गेमने केले, हे खरेच. परंतु ते त्याच्या वाईटपणाने केले नाही, त्याच्या पडलेल्या भावाने केले.

सातासमुद्रापार

लीड्सहून लिहितो. ही पडझड जगभराची नव्हती, हे येथे नोंदवणे आवश्यक वाटते. ब्रिटनमध्ये त्याच वेळी धंदा वाढत होता, आणि त्याचे कारण पुन्हा मालाच्या स्वरूपातच आहे. एप्रिल १९८२ मध्ये सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १२५ पौंडांपासून मिळू लागला आणि त्याचे गेम साध्या ध्वनिफितीवर येत. कॅसेटची प्रत काढायला चिपचा कारखाना लागत नाही, काही आठवडे आधी अंदाज बांधावा लागत नाही, आणि शंभर विकल्या गेल्या तर आणखी शंभर काढता येतात. शाळेत जाणारी मुले घरी गेम लिहून मासिकात जाहिरात देत आणि टपालाने विकत. येथेही कंपन्या बुडाल्या; लिव्हरपूलची इमॅजिन सॉफ्टवेअर १९८४ मध्ये मोठ्या गाजावाजानंतर दिवाळखोरीत गेली. परंतु ती आपल्या खर्चिकपणाने बुडाली, तिच्यामुळे बाजार बुडाला नाही.

पेठेतला

म्हणजे कॅसेट हे मागाला लावून हवे तेवढे विणण्यासारखे, आणि कार्ट्रिज हे आधीच छापून ठेवलेल्या साडीसारखे. समजले.

आता मला पुढचे कुतूहल आहे. इतके हात पोळल्यावर अमेरिकेतील दुकानदारांनी १९८५ साली निंटेंडोचा माल दुकानात ठेवलाच कसा? आमच्या पेठेत एकदा एका प्रकारचे कापड अंगावर पडले की पुढे पाच वर्षे त्याचे नाव कोणी काढत नाही.

हिवाळी क्योटो

याचे उत्तर आपण वर दिलेला शब्दच आहे : जांगड.

कामानिमित्त मी क्योटोमध्ये राहतो, आणि निंटेंडो हे येथील जुने घराणे. १८८९ साली हानाफुदा पत्ते बनवण्यापासून सुरू झालेली ही कंपनी हिरोशी यामाउची यांनी गेमकडे वळवली. १५ जुलै १९८३ रोजी, अमेरिकेत सर्व कोसळत असताना, त्यांनी जपानमध्ये १४,८०० येनला फॅमिकॉम हे घरगुती गेमयंत्र आणले. अमेरिकेची जबाबदारी त्यांचे जावई मिनोरू अराकावा यांच्यावर होती. तेथील दुकानदार 'व्हिडिओ गेम' हा शब्दही ऐकून घ्यायला तयार नव्हते, म्हणून यंत्राला 'एंटरटेनमेंट सिस्टीम' म्हटले आणि सोबत एक छोटा यंत्रमानव देऊन ते खेळण्यांच्या कप्प्यात बसवले. तरीही मागणी येईना. ऑक्टोबर १९८५ मध्ये न्यूयॉर्क परिसरात त्यांनी दुकानदारांपुढे अट ठेवली ती अशी : माल आम्ही आणून मांडतो, सजावट आम्ही करतो, पैसे ९० दिवसांनी द्या, आणि जे विकले जाणार नाही ते आम्ही परत नेतो. सगळी जोखीम निंटेंडोने स्वतःकडे घेतली. त्या हंगामात सुमारे ५० हजार यंत्रे विकली गेली. फार नव्हेत, परंतु पुढच्या शहरात जायला पुरेशी.

यातील कौशल्य पुढे दिसते. दुकानदाराकडून स्वतःकडे घेतलेली ही जोखीम निंटेंडोने फार काळ आपल्याजवळ ठेवली नाही. ती गेम काढणाऱ्या कंपन्यांकडे सरकवली. यंत्रात एक कुलूपचिप होती, तिची जोडीदार चिप कार्ट्रिजमध्ये नसेल तर गेम चालत नसे. ती चिप फक्त निंटेंडोकडे. त्यामुळे कोणालाही गेम काढायचा तर परवाना घ्यावा लागे, वर्षाला पाचच गेम काढता येत, तोच गेम दोन वर्षे इतर यंत्रांवर देता येत नसे, आणि कार्ट्रिज निंटेंडोकडूनच बनवून घ्याव्या लागत, त्याही किमान ठरलेल्या संख्येने आणि पैसे आगाऊ भरून. निंटेंडोला प्रत्येक कार्ट्रिजवर नफा ती विकली जाण्याआधीच मिळालेला असे. नदीकाठ यांच्या प्रश्नाचे उत्तर या व्यवस्थेत प्रथमच लेखी आणि स्पष्ट होते : पडून राहिलेला माल गेम काढणाऱ्या कंपनीचा. म्हणून तिने जपून मागावे आणि जपून बनवावे.

अर्धविराम

ही माहिती मोलाची आहे. तरीही 'जपून बनवावे' हे मला पूर्ण पटत नाही. आगाऊ पैसे भरू शकणारी कंपनीच गेम काढू शकते, असे झाले की शाळकरी मुलांना घरी बसून काही करून पाहण्याची वाट बंद होते. ब्रिटनमध्ये ती वाट उघडी होती म्हणून तेथे लेखकांची एक पिढी घडली. दर्जाची हमी आणि दाराची कडी या दोन्ही गोष्टी त्या एकाच चिपमध्ये होत्या.

कलमवही

आणि ती कडी न्यायालयातही तपासली गेली. अटारीचा नाण्यांवरील यंत्रांचा विभाग १९८४ नंतर वेगळा होऊन अटारी गेम्स झाला होता. त्याच्या टेंजेन या शाखेने आधी निंटेंडोचा परवाना घेतला आणि १९८८ च्या अखेरीस तो झुगारून स्वतःच्या कार्ट्रिज विकायला सुरुवात केली. कुलूपचिपचा मजकूर मिळवण्यासाठी त्यांनी कॉपीराइट कार्यालयाकडे खटल्यासाठी आवश्यक असल्याचे खोटे निवेदन देऊन प्रत मिळवली होती. १९९२ च्या निकालात हेच त्यांच्या विरुद्ध गेले. अभ्यासासाठी दुसऱ्याचा प्रोग्राम उलगडून पाहणे न्याय्य ठरू शकते, असे त्याच निकालात न्यायालयाने म्हटले. पण प्रत खोटे बोलून मिळवलेली नसावी.

निंटेंडोही निर्दोष सुटली नाही. यंत्राची ९९ डॉलरची किंमत कोणी कमी करू नये म्हणून दुकानदारांवर दबाव आणल्याच्या तक्रारीवर १९९१ साली तिने अमेरिकेचा केंद्रीय व्यापार आयोग आणि तेथील राज्यांशी तडजोड केली, आणि ग्राहकांना ५ डॉलरची कूपने वाटली. ती कूपने निंटेंडोच्याच कार्ट्रिज घेताना वापरायची होती, ही तडजोडीतील बाब मला वकील म्हणून आजही खटकते.

आपल्याकडे १९९० च्या दशकात पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत जी टीव्हीला जोडायची गेमयंत्रे मिळत, ती बहुतांशी फॅमिकॉमच्याच नकला होत्या. ही कुलूपचिप जपानी फॅमिकॉममध्ये नव्हतीच, ती अमेरिकेसाठी बनवलेल्या यंत्रात घातली गेली. आत शेकडो गेम असल्याचे छापलेल्या त्या पिवळ्या-निळ्या कार्ट्रिज आपल्याकडे बिनदिक्कत चालत, त्याचे एक कारण हे.

पेठेतला

एक शेवटचा प्रश्न. वाळवंटात पुरलेल्या त्या कार्ट्रिज नेमक्या कोणाच्या होत्या? दुकानदारांनी परत केलेल्या, की कधी दुकानात गेल्याच नव्हत्या?

नदीकाठ

दोन्ही प्रकारच्या. सप्टेंबर १९८३ मध्ये टेक्ससमधील एल पासो येथील अटारीच्या कारखान्यातून ट्रक भरून माल न्यू मेक्सिकोतील अॅलामोगोर्डो येथे नेला गेला, आणि नगरपालिकेच्या कचराभूमीत टाकून त्यावर पुढे काँक्रीट ओतले गेले. दुकानांतून परत आलेला आणि गोदामातच राहिलेला असा तो माल होता. ते काम ज्यांच्या देखरेखीखाली झाले त्या अटारीच्या अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलेला आकडा ७ लाख २८ हजार कार्ट्रिजचा आहे.

२६ एप्रिल २०१४ रोजी ती जागा उकरली गेली. सुमारे १,३०० कार्ट्रिज वर काढून बाकी पुन्हा झाकल्या. बाहेर आलेल्यांत 'ई.टी.' होताच, परंतु त्याचा वाटा लहान होता. बाकी कार्ट्रिजवर 'सेंटिपीड', 'मिसाइल कमांड', 'डिफेंडर', 'अॅस्टेरॉइड्स', 'स्पेस इन्व्हेडर्स' अशी नावे होती, म्हणजे अटारीचे सर्वांत खपाचे आणि आजही नावाजले जाणारे गेम. काहींच्या खोक्यावर दुकानाने लावलेली किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. अॅलामोगोर्डो नगरपालिकेने त्यातील काहीशे कार्ट्रिज लिलावात काढल्या आणि १ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली.